दोन दार्सी आणि बंद केलेली विहीर

दालच्या डोक्यावर छोटीशी तोय ठेवली की त्याचा डाल होतो, हे उर्दू शिकणाऱ्या पहिल्या इयत्तेतल्या मुलाला सांगावं लागतं. तेलाच्या इतिहासात दोन माणसं अशी आहेत की त्यांच्या नावांत जवळजवळ एवढाच फरक आहे. एक फ्रेंच, आँरी दार्सी. दुसरा इंग्रज, विल्यम नॉक्स डार्सी. दोघांचं नातं काहीच नाही. दुसरा जेमतेम आठ-नऊ वर्षांचा असताना पहिला वारला. पण जगातल्या कुठल्याही तेलविहिरीचा अहवाल उघडला तर पहिल्याचं नाव सापडतं, आणि इराणच्या गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास उघडला तर दुसऱ्याचं. आपल्याकडे, विशेषतः उर्दू वाचणाऱ्यांमध्ये, दुसरा ओळखीचा आहे, कारण मुसद्दिक यांची गोष्ट आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असते. पहिला कुणाला माहीत नसतो. मला वाटतं, पहिल्याला समजून घेतल्याशिवाय दुसऱ्याने नेमकं काय नेलं तेही नीट समजत नाही.

आधी पहिला. आँरी दार्सी १८०३ मध्ये फ्रान्सच्या दिजाँ शहरात जन्मला आणि सरकारी खात्यात पूल-रस्त्यांचा इंजिनिअर झाला. दिजाँचं पाणी तेव्हा घाणेरडं होतं. शहरापासून साडेबारा किलोमीटरहून थोड्या जास्त अंतरावर रोझ्वार नावाचा झरा होता. दार्सीने तिथून जमिनीखालून बंद कालवा बांधून १८४० मध्ये शहरात पाणी आणलं. शहराकडून मिळणारा मेहनताना त्याने घेतला नाही. पुढे तब्येत ढासळली, नोकरीतून मोकळीक मिळाली आणि तो एका जुन्या प्रश्नाकडे वळला. पाणी गाळण्यासाठी वाळूचे थर वापरतात. त्या वाळूतून पाणी किती वेगाने जातं, ते कशावर अवलंबून असतं?

१८५५ च्या ऑक्टोबरमध्ये दिजाँच्या एका हॉस्पिटलच्या आवारात त्याने लोखंडी नळकांडं उभं केलं, त्यात वाळू भरली आणि वरून पाणी सोडलं. वरचा दाब वाढवला की पाणी त्याच प्रमाणात जास्त येतं. वाळूचा थर दुप्पट केला की निम्मं होतं. आणि वाळू बदलली की एक आकडा बदलतो, जो फक्त त्या वाळूचा असतो. बस, एवढंच. १८५६ मध्ये दिजाँच्या सार्वजनिक कारंज्यांवर त्याचं जाडजूड पुस्तक निघालं आणि हा नियम त्याच्या परिशिष्टात छापला गेला. दोन वर्षांत, १८५८ च्या जानेवारीत, दार्सी गेला. वाळूचा तो स्वतःचा आकडा म्हणजे खडक आपल्यातून द्रव किती सहज जाऊ देतो त्याचं माप. मराठी पुस्तकांत त्याला पार्यता म्हणतात. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या तेल-संशोधकांनी या मापाच्या एककाला नाव दिलं 'डार्सी'. खडक घट्ट असेल तर आकडा लहान येतो, म्हणून व्यवहारात त्याचा हजारावा भाग, मिलिडार्सी, वापरतात.

आता दुसरा. विल्यम नॉक्स डार्सी वकील होता. ऑस्ट्रेलियातल्या माउंट मॉर्गन सोन्याच्या खाणीत त्याने अमाप पैसा केला आणि इंग्लंडला परत येऊन राहिला. २८ मे १९०१ रोजी इराणच्या मुजफ्फरुद्दीन शाहने त्याला तेलाचा ठेका दिला. मुदत साठ वर्षं. उत्तरेचे पाच प्रांत सोडून जवळजवळ सगळा देश. बदल्यात वीस हजार पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे शेअर आणि निव्वळ नफ्याचे सोळा टक्के. हा माणूस आयुष्यात कधी इराणला गेला नाही. सात वर्षं पैसा ओतून काही हाती लागेना, तेव्हा मधेच बर्मा ऑइल कंपनीला सोबत घ्यावं लागलं. काम थांबवायचा हुकूम निघण्यापर्यंत पाळी आली होती. तेवढ्यात २६ मे १९०८ च्या पहाटे मस्जिद-ए-सुलेमान इथे सुमारे ३६० मीटरवर तेल लागलं. १९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन कंपनी स्थापन झाली आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारनेच तिचे बहुसंख्य शेअर घेतले.

एका शाहने देशाखालची दौलत विकली, असं आपण म्हणतो. पण विकताना त्याला, किंवा घेताना डार्सीला, खाली काय आहे हे माहीत होतं का? दोघांनाही नव्हतं. सोळा टक्के कशाचे, हे कुणालाच सांगता आलं नसतं. जमिनीखालच्या मालाची मोजणी कशी करायची हे शास्त्र तोवर जन्मलंच नव्हतं. ते पुढच्या पन्नास वर्षांत घडलं.

आपल्याकडे विहिरीसकट जमीन घ्यायची असेल तर जाणता माणूस विहिरीत पाणी किती दिसतं यावर जात नाही. तो मोटार लावून विहीर उपसायला लावतो. पाणी किती वेळात किती उतरलं ते बघतो. मग मोटार बंद करतो आणि कठड्यावर बसून राहतो. पाणी झपाझप चढलं तर झरे मोकळे आहेत. रडतखडत चढलं तर खडक घट्ट आहे. आणि आधी भराभर चढून मग आधीच्या पातळीच्या खालीच अडकलं, तर समजायचं की खालचा साठाच तोकडा आहे. तेलाच्या आणि वाफेच्या विहिरींची चाचणी, जिला वेल टेस्टिंग म्हणतात, ती तत्त्वतः एवढीच आहे. फरक असा की इथे डोकावून बघता येत नाही. म्हणून पाण्याच्या पातळीऐवजी विहिरीच्या तळाशी सोडलेल्या यंत्राने दाब मोजतात. अशी यंत्रं १९३० च्या आसपास तेलक्षेत्रात रुळली.

कठड्यावर बसलेल्या माणसाच्या अंदाजाचं गणित व्हायला मात्र एक अडचण होती. १९०६ मध्ये गुंटर थीम या जर्मन इंजिनिअरने विहिरीचं सूत्र मांडलं होतं, पण त्यात वेळ नव्हता. पाणी स्थिर पातळीला येऊन थांबलं आहे, असं ते धरून चालायचं. प्रत्यक्षात उपसा चालू असेपर्यंत पातळी उतरतच राहते. ही गाठ सोडवली चार्ल्स थीस या अमेरिकन भूजलतज्ज्ञाने. तो सरकारी भूशास्त्र सर्वेक्षणात होता आणि न्यू मेक्सिकोच्या कोरड्या पठारावर काम करत होता. त्याच्या मनात आलं की जमिनीतलं पाणी विहिरीकडे जसं सरकतं, तशीच उष्णता गरम पत्र्यातून थंड सळईकडे सरकते. उष्णतेचं गणित तर कधीच तयार होतं. त्याने क्लॅरेन्स लुबिन या गणितज्ञ मित्राला पत्र लिहून विचारलं, आणि मित्राने उष्णतेच्या पुस्तकातलं उत्तर काढून पाठवलं. थीसने सहलेखक म्हणून नाव घालू का विचारलं, तेव्हा लुबिन नको म्हणाला. गणिताच्या दृष्टीने यात नवं काही नाही, असं त्याचं म्हणणं. १९३५ मध्ये थीसचा छोटा निबंध छापून आला. पडताळ्यासाठी त्याने नेब्रास्कातल्या एका विहिरीवर १९३१ मध्ये झालेल्या उपसा-चाचणीचे आकडे वापरले होते. आज जगात भूजलाचं असं एकही पाठ्यपुस्तक नसेल ज्यात थीसचं सूत्र नाही.

उष्णतेचं ते मूळ गणित जोसेफ फूरिएचं. त्याचं पुस्तक १८२२ मध्ये आलं. हा तोच फूरिए, जो १७९८ मध्ये नेपोलियनच्या फौजेबरोबर मिसरला गेला आणि कैरोत फ्रेंचांनी काढलेल्या विद्वानसंस्थेचा सचिव झाला.

इथे मला थोडं विषयांतर करू द्या. अशा लेखांखाली कुणीतरी हमखास विचारतं की यात आपलं काय? आपलंही आहे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला अल-करजी या गणितज्ञाने जमिनीत दडलेलं पाणी वर काढण्यावर अरबीत एक आख्खं पुस्तक लिहिलं. पाणी कुठे असेल याच्या खुणा, पातळी मोजायची साधनं, भुयारी कालवे खणायची रीत, सगळं त्यात आहे. त्याच परंपरेतून बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आला आणि मलिक अंबरची औरंगाबादची नहर आली. पण थीसचं सूत्र अल-करजीच्या पुस्तकात होतं, असं कुणी म्हणू लागलं तर मी हात जोडेन. ते तिथे नाही. आणि नसण्याचं कारणही सरळ आहे. नहरीला या सूत्राची गरजच नव्हती. नहर म्हणजे उताराने वाहणारं भुयार. पाण्याची पातळी भुयाराखाली गेली की पाणी आपोआप थांबतं. जमीन जेवढं देईल त्याहून जास्त ओढून घेण्याची ताकदच त्या यंत्रणेत नाही. मोटार आली तेव्हा ती ताकद आली, आणि मग मोजायची गरज निर्माण झाली. आपल्या वारशाचा अभिमान बाळगायचा तर या कारणासाठी बाळगावा, खोट्या दाव्यांसाठी नको.

मोजल्याशिवाय ओढलं तर काय होतं, ते टेक्सासने दाखवलं. १९३० च्या ऑक्टोबरमध्ये पूर्व टेक्सासमध्ये प्रचंड तेलक्षेत्र सापडलं. अमेरिकेतला कायदा असा की तुमच्या विहिरीतून निघालं ते तुमचं, मग ते शेजाऱ्याच्या जमिनीखालून सरकून आलेलं का असेना. त्यामुळे प्रत्येकाला शेजाऱ्याआधी उपसायची घाई. हजारो विहिरी पडल्या. तेलाचा भाव डॉलरवरून दहा-पंधरा सेंटवर आला. ऑगस्ट १९३१ मध्ये गव्हर्नरने चक्क सैनिक पाठवून विहिरी बंद करवल्या. (आपल्याकडे १८८२ च्या इझमेंट कायद्याने जमीनमालकाला खालच्या पाण्याचा असाच हक्क दिला आहे. बोअरच्या शर्यतीत शेजाऱ्याची विहीर आटते तेव्हा भांडण शेजाऱ्याशी होतं, पण खरं भांडण त्या कायद्याशी असायला हवं. असो.)

त्या गोंधळातून एक चांगली गोष्ट निघाली. तेलखडकातला मूळ दाब चौरस इंचाला सुमारे १,६२० पौंड होता. तो कुठे किती उतरतो याच्या नोंदी इंजिनिअर ठेवू लागले. शिल्थुइस आणि हर्स्ट या दोघांनी १९३५ मध्ये त्या आकड्यांवरून दाखवलं की तेलाला खालून लगतच्या खडकातलं पाणी ढकलतं आहे. उपसा मर्यादेत ठेवला तर पाणी रिकामी जागा भरत येतं आणि दाब टिकतो. घाई केली तर पाणी मागे पडतं, दाब कोसळतो आणि तेल खडकातच अडकून राहतं. म्हणजे हजारो मालकांचं ते एकच भांडं होतं, हे दाबाच्या आकड्यांनी सिद्ध केलं.

मस्जिद-ए-सुलेमानला ही गोष्ट जरा आधीच लक्षात आली होती, आणि त्याचं कारण कडवट आहे. तिथे मालक एकच होता. ठेका एका कंपनीचा, त्यामुळे शर्यत लावायला शेजारीच नव्हता. विहिरी लांब लांब पाडता आल्या. तिथला अस्मारी चुनखडक भेगांनी भरलेला. एका विहिरीतून तेल काढलं की दूरच्या बंद विहिरीतला दाब हलायचा. कंपनीच्या इंजिनिअरांनी काही विहिरी फक्त बघण्यासाठी राखून ठेवल्या आणि आख्खं क्षेत्र एकसंध मानून चालवलं. टेक्सासमध्ये जे साधायला सैनिक आणावे लागले, ते इथे आपसूक झालं. तेलाच्या पुस्तकांत याचं कौतुक असतं आणि शास्त्र म्हणून ते योग्यही आहे. पण हे सोपं कशामुळे झालं, तर त्या जमिनीवर राहणाऱ्या बख्तियारी टोळ्यांना आणि इराणी रयतेला त्या तेलात काही बोलायचा हक्कच नव्हता म्हणून. हे वाक्य त्या पुस्तकांत नसतं.

आता १९५१ सालाकडे येऊ. या साली दोन्ही दार्सी एका शहरात भेटतात, म्हटलं तर.

त्या वर्षी हॉलंडच्या हेग शहरात जागतिक पेट्रोलियम परिषद भरली. तिथे शेल कंपनीच्या डी. आर. हॉर्नर याने विहिरीतल्या दाबाच्या चढणीवर एक निबंध वाचला. त्याची पद्धत आजही 'हॉर्नर प्लॉट' म्हणून प्रत्येक पेट्रोलियम इंजिनिअर शिकतो. विहीर काही दिवस चालू ठेवायची, मग बंद करायची आणि तळाचा दाब कसा चढतो ते मोजत राहायचं. तो दाब साध्या घड्याळाच्या वेळेसमोर न मांडता एका गुणोत्तरासमोर मांडायचा: विहीर चालू असल्याचा काळ अधिक बंद असल्याचा काळ, भागिले बंद असल्याचा काळ. अक्ष लॉगॅरिदमचा घ्यायचा. मग वाकडे-तिकडे पडणारे बिंदू एका सरळ रेषेत येतात.

त्या एका रेषेतून किती कळतं बघा. रेषेचा उतार तीव्र असेल तर खडकाची पार्यता कमी, सौम्य असेल तर जास्त. म्हणजे दिजाँच्या दार्सीने नळकांड्यात जे मोजलं होतं, ते आता तीन किलोमीटर खोलीवरच्या, कुणीही न पाहिलेल्या खडकाचं मोजता येऊ लागलं. रेषा पुढे वाढवली, जणू विहीर अनंत काळ बंद आहे, तर नव्या क्षेत्रात खडकातला मूळ दाब मिळतो. आणि पुढे जाऊन रेषेचा उतार अचानक दुप्पट झाला, तर जवळपास जमिनीत कुठेतरी भिंत आहे, म्हणजे खडक तुटून सरकलेला आहे आणि त्या बाजूने तेल येत नाही. चाचणी जितकी लांबवाल तितकं दूरचं दिसतं, पण इथे निसर्ग कंजूष आहे. दुप्पट अंतरावरचं बघायचं तर चौपट वेळ थांबावं लागतं.

रेषेची सुरुवात मात्र नेहमी वाकडी असते आणि त्याची कारणं आपल्या विहिरींच्या दृष्टीने मजेशीर आहेत. विहीर बंद केली तरी खडकातून तेल काही वेळ विहिरीच्या नळीत येतच राहतं, ती भरेपर्यंत. तेवढा वेळ आपण खडक नव्हे, नळीच मोजत असतो. दख्खनच्या काळ्या खडकातली आपली विहीर पंधरा-वीस फूट रुंद. मोटार लावल्यावर पहिले काही तास आपण उपसतो ते विहिरीत आधीच साठलेलं पाणी. त्यावरून झऱ्याची ताकद ठरवणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातली सुट्टी मोजून त्याची मिळकत सांगणं. अशा रुंद विहिरींचं वेगळं गणित पापादोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये मांडलं. दुसरं कारण असं की खणताना वापरलेला चिखल भोवतीच्या खडकात शिरून भोकं बुजवतो. खडक चांगला, पण विहिरीच्या अंगाला लेप बसलेला. इंजिनिअर त्याला 'स्किन', कातडी म्हणतात. चाचणीने ती वेगळी ओळखता येते, म्हणजे विहीर कमी देते ती खडकाच्या दोषाने की आपल्याच खणण्याच्या दोषाने, याचा निवाडा होतो. या सुरुवातीच्या वाकड्या भागाचं नीट गणित १९७० मध्ये अगरवाल, अल-हुसैनी आणि रॅमी या तिघांच्या निबंधात आलं. ही तीन नावं एका ओळीत वाचताना मला बरं वाटलं. शास्त्र दिजाँहून निघून कुठवर आलं होतं बघा.

आणखी एक गोष्ट. हॉर्नरची सरळ रेषा १९३५ च्या थीसच्या निबंधात जवळजवळ तशीच आहे, मोटार बंद केल्यावर पाणी कसं चढतं त्या भागात. पाण्याची माणसं आणि तेलाची माणसं एकाच सूत्रावर वेगवेगळ्या इमारतींत बसून काम करत होती. पाण्याच्या माणसाला नाव मिळालं, तेलाच्या माणसाच्या कंपनीला नफा.

आता त्याच वर्षी, त्याच हेग शहरात काय चालू होतं ते पाहा. मार्च १९५१ मध्ये इराणच्या मजलिसने तेल उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाचा ठराव केला आणि डॉ. मुहम्मद मुसद्दिक पंतप्रधान झाले. ब्रिटन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. वाद डार्सीच्या ठेक्यातून निघालेल्या १९३३ च्या कराराचा. इराणच्या तक्रारी जुन्या होत्या. कंपनी हिशेबाच्या वह्या दाखवत नव्हती. ब्रिटिश सरकारला कंपनीकडून करापोटी मिळणारी रक्कम इराणला मिळणाऱ्या रॉयल्टीपेक्षा जास्त होती. वरच्या हुद्द्यांवर इराणी माणसं आणायची कबुली १९३३ च्या करारात होती, पण ती फारशी पाळली गेली नाही. १९५२ च्या जूनमध्ये मुसद्दिक स्वतः हेगला जाऊन न्यायालयासमोर बोलले. २२ जुलै १९५२ रोजी निकाल लागला: या वादात न्यायालयाला अधिकार नाही. म्हणजे इराणचं म्हणणं मान्य झालं. बहुमताच्या बाजूला ब्रिटिश न्यायाधीश मॅकनेअरही होते.

पण न्यायालयात जिंकून तेल निघत नव्हतं. ब्रिटिश तंत्रज्ञ १९५१ च्या ऑक्टोबरमध्येच अबादान सोडून गेले होते आणि इराणचं तेल कुणी घेऊ नये म्हणून ब्रिटनने बहिष्कार घातला होता. इराण्यांना हा कारखाना चालवता येणार नाही, असं लंडनमध्ये उघड बोललं जायचं. ऑगस्ट १९५३ मध्ये मुसद्दिक यांना उलथवलं गेलं. १९५४ मध्ये नवा करार झाला, त्यात जुन्या ब्रिटिश कंपनीला चाळीस टक्के, अमेरिकन कंपन्यांना मिळून चाळीस, फ्रेंच कंपनीला सहा आणि हॉर्नरच्या शेलला चौदा.

मुसद्दिक यांच्यावर आपल्या लोकांनी खूप लिहिलं आहे, बहुतेक भावनेने. मला त्यात एक गोष्ट कमी पडते असं वाटतं. हिशेबाच्या वह्या दोन प्रकारच्या होत्या. एक पौंड-शिलिंगांच्या. दुसऱ्या, खडकाच्या: कुठल्या विहिरीचा दाब किती, पार्यता किती, साठा किती उरला. पहिल्या वह्या वाचायला हिशेबनीस लागतो. दुसऱ्या वाचायला हॉर्नरची रेषा ओढणारा आपला माणूस लागतो, आणि तो एका रात्रीत तयार होत नाही. कायद्याने विहीर आपली झाली तरी ती काय सांगते हे ऐकणारा कान नसेल तर मालकी अर्धीच. ही माझी समजूत आहे. कुणाला मुसद्दिक यांच्यावरची टीका वाटली तर ती तशी नाही. त्यांना त्यासाठी वेळच मिळू दिला गेला नाही.

तेलाच्या मानाने जमिनीतल्या वाफेची गोष्ट थोडक्यात सांगतो. इटलीत लार्देरेल्लो इथे १९०४ मध्ये वाफेवर पाच दिवे लावून दाखवले गेले. न्यूझीलंडच्या वाइराकेई इथे १९५८ पासून गरम पाण्याच्या विहिरींवर वीज निघते. तिथे उपसा सुरू झाल्यावर खालचा दाब सगळ्या क्षेत्रात एकदम उतरत गेला, सुमारे २५ बार. दूरदूरच्या विहिरीही एकत्र उतरल्या, म्हणजे खाली सगळं जोडलेलं. वर मात्र कारंज्यांचं एक प्रसिद्ध खोरं निपचित पडलं आणि काही ठिकाणी जमीन जवळजवळ १५ मीटर खचली. कॅलिफोर्नियातल्या गीझर्स क्षेत्रात १९८० च्या दशकात वीजघरांमागून वीजघरं उभी राहिली आणि दशक संपता संपता वाफ कमी पडू लागली. उष्णता भरपूर होती, पाणी संपत होतं. मग जवळच्या गावांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळाने आणून खाली सोडायला सुरुवात झाली, १९९७ मध्ये एका बाजूने आणि २००३ मध्ये सांता रोझा शहराकडून. वाफेच्या विहिरींची चाचणी अनेकदा उलट्या दिशेने करतात हे इथे सांगायला हवं. काढण्याऐवजी थंड पाणी आत सोडतात आणि खडक ते किती दाबाने गिळतो ते मोजतात. इंडोनेशियात जावा बेटावर कामोजांग इथे डच राजवटीत १९२६ मध्ये पाडलेली एक उथळ विहीर आजही वाफ सोडते. देश स्वतंत्र झाल्यावर, १९८३ मध्ये, तिथे वीजघर सुरू झालं. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या आणि कोकणातल्या उन्हाळ्यांची पाहणी भूशास्त्र सर्वेक्षणाने केली आहे, पण वीजघरापर्यंत ती गोष्ट गेलेली नाही.

मुंबईसमोरच्या समुद्रात 'सागर सम्राट'ला १९७४ च्या फेब्रुवारीत तेल लागलं, तेही अस्मारीसारख्याच चुनखडकात. दोन वर्षांनी उत्पादन सुरू झालं. दाब टिकवण्यासाठी १९८४ पासून खडकात समुद्राचं पाणी सोडायला लागलं, आणि दशकाच्या अखेरीस उत्पादनाचं शिखर गाठून उतार लागला. फरक एवढाच की इथल्या दाबाच्या वह्या पहिल्या दिवसापासून आपल्याच माणसांच्या हातात होत्या.

इराणमध्ये १९३९ साली अबादानला एक तंत्रसंस्था सुरू झाली होती. आजचं पेट्रोलियम तंत्र विद्यापीठ तिचंच पुढचं रूप. इराकशी युद्ध पेटल्यावर तिला अबादान सोडून अहवाझचा आसरा घ्यावा लागला. तिथली मुलं-मुली अस्मारी खडकातल्या विहिरींच्या दाबाचे आकडे घेऊन हॉर्नरची रेषा ओढतात. भेगांच्या खडकात ती रेषा एक नसते, एकाखाली एक अशा दोन समांतर रेषा दिसू शकतात: पहिली नुसत्या भेगांची, दुसरी भेगा आणि त्यांमधला घट्ट दगड या दोघांची मिळून, कारण तो दगड मागून सावकाश तेल सोडत राहतो. वॉरन आणि रूट यांनी १९६३ मध्ये हे गणित मांडलं. उत्तर आलं की ती मुलं आकड्यापुढे एकक लिहितात. फारसीत डालच नाही, त्यामुळे मिलिदार्सी असंच लिहितात, दालने.